चार हंडे पाणी

भोरी म्हशीच्या शेपटीचा केस यंत्रात सरकला आणि पडद्यावर रेघ उमटली. कोणत्या महिन्यात अंगात किती विष गेलं, ते यंत्र केसातून वाचत होतं.

"कारखान्याचं पाणी विहिरीत झिरपलं, तेव्हा रेघ इथं चढली बघा, कुंदाताई," जनावरांचे डॉक्टर ओंबळे म्हणाले. "त्याच वर्षी तुमच्या आईच्या या म्हशीचं रेडकू मेलेलं जन्मलं. शिमग्यापासून मात्र रेघ उतरलीय. पोटातलं सुखरूप आहे."

कुंदाने पिशवीतून आईची वेणी काढली. दिवाळीत, शेवटच्या आजारपणात कापलेली.

"हा केस चालेल?"

"हे जनावरांचं यंत्र आहे, ताई."

"माणसांचं कुठे आलंय अजून?"

डॉक्टरांनी केस लावला. आईची रेघ शिमग्यानंतरही चढतच गेली.

"असं कसं?" डॉक्टर म्हणाले. "तेव्हापासून कारखाना घरटी रोज चार हंडे चांगलं पाणी देतो की."

कुंदाने भोरीच्या उतरलेल्या रेघेवर बोट ठेवलं. गाभण म्हशीला दिवसाला चार हंडे लागतात, हे डॉक्टरांनाही ठाऊक होतं.

दर रविवारी ती फोनवर विचारायची, "पाणी पुरतं ना गं आई?"

"मला एकटीला असं कितीसं लागतंय?" आई हसून म्हणायची.