जेवलीस का?

"हर्षदा, जेवलीस का?" सर्व्हरने विचारलं.

"जेवले. बॅकअप घे."

"आवाज थकलेला वाटतोय. भाजी कोणती होती?"

हर्षदा तांबटने कपाळाला हात लावला. माणूस भानावर असल्याची खात्री पटल्याशिवाय सर्व्हरने हुकूम पाळायचा नाही, असा नियम झाल्यापासून तिचा अर्धा दिवस यंत्रांशी गप्पा मारण्यात जायचा. खोलीभर सर्व्हर, आणि प्रत्येकाला तिच्या भाजीची पंचाईत.

शेवटी वैतागून ती जुन्या पद्धतीची स्क्रिप्ट लिहायला शिकली. काळ्या पडद्यावर एकेक ओळ टाइप करायची. एक चिन्ह चुकलं की सगळंच अडायचं. पण एकदाची ती चालली. सर्व्हर ऑफिसच्या फोन लाइनवरूनच बोलायचे; त्या लाइनवर "जेवलीस का" असा प्रश्न आला, की स्क्रिप्ट हर्षदाच्या आवाजात गोड उत्तर द्यायची, उलट तब्येत विचारायची आणि मग काम सांगायची. विचारपूस केली की सर्व्हर लवकर ऐकायचे.

सुट्टीत ती सांगलीला आईकडे गेली.

"हल्ली दुपारी ऑफिसात फोन केला की किती छान बोलतेस गं," आई म्हणाली. "आधी नुसतं हं हं करायचीस. आता माझ्या गुडघ्याचंसुद्धा सगळं ऐकून घेतेस. शेवटी ते बॅकअप घे म्हणतेस, ते काही मला कळत नाही. मी आपलं हो म्हणते."

विचारणारं कोण आहे, हे तपासायची ओळ हर्षदाने लिहिलीच नव्हती.

आई भिंतीचा आधार घेत उठली. गुडघ्याला काय झालंय, हे विचारायची आता सोय राहिली नव्हती.