दाबाची पट्टी

बाळकुमच्या एका टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर नीला सिस्टरने तुळसाबाईंचा पाय उघडला आणि तिचं डोकंच फिरलं. दोन महिने खपून रुपयाएवढी आणलेली घोट्यावरची जखम पुन्हा पसरली होती. पोटरी टम्म सुजलेली, पाणी गळतंय, आणि वर ऐटीत चिकटवलेलं महागडं ड्रेसिंग.

"दाबाची पट्टी कोणी काढली?"

"मीच," मुलगा प्रितम म्हणाला. "माझ्या कल्पिताच्या लग्नाच्या बोलणीला सोयरे येतायत, सिस्टर. आईच्या पायाला ती धर्मादाय दवाखान्यातली पट्टी बरी दिसते का? लोक बोलतील, जमीन विकली न् आईवर खर्च करत नाय. हे बघा, इम्पोर्टेड आहे. चांदी आहे यात, चांदी!"

"मग गळ्यात घाला," नीला म्हणाली. त्याच्या गळ्यात आधीच बोटभर जाड चेन होती. "पायात रक्त साचतं, म्हणून जखम भरत नाही. डॉक्टरांनी तपासून दाब सांगितलाय. दाब असला तर खाली साधं ड्रेसिंग पुरतं. दाब नसला तर सोनं लावा, काही होणार नाही. कुठाय पट्टी?"

पट्टी बाल्कनीत सापडली. रद्दीचा गठ्ठा बांधायला वापरली होती. वा रे कर्तबगार! पैसा लिफ्टने वर आला, अक्कल खालीच राहिली.

नीलाने बॅगेतून नवी पट्टी काढली आणि जखम धुऊन पावलापासून गुडघ्यापर्यंत गुंडाळायला घेतली. तुळसाबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"हलदीला उभी रानार का गो मी?"

"पट्टी काढली नाहीत, तर नक्की."

"मंग घट्ट आवल. मिठागरान आमी लुगऱ्याचा कास्टा असाच आवलाचू."

बेल वाजली. प्रितम धावत आतून भरजरी शाल घेऊन आला आणि त्याने आईचा पाय घाईघाईने झाकला. सोयरे हसत आत आले.

तुळसाबाईंनी शाल ओढून लेकाच्या अंगावर फेकली. पट्टीचा पाय दोन्ही हातांनी उचलला आणि काचेच्या टीपॉयवर, पेढ्यांच्या ताटाशेजारी ठेवला.

"या, बसा," त्या म्हणाल्या. "नातीच्या हलदीला मी याच पायान नाचनार हाय. नीट बगून घ्या."