खोकणारी डुकरीण

डॉक्टरीणबाईंनी डुकरिणीच्या नाकात फिरवलेली कापसाची काडी डब्याएवढ्या यंत्रात ठेवली. "तासाभरात यंत्र जंतूची जनुकं ओळखेल, मावशी. हीच खोकते ना?"

"व्हय, हीच," सुंद्राबाई म्हणाली. समोरची डुकरीण चांगली धडधाकट दिसत होती. खोकणारी गाभण डुकरीण तिने पहाटेच खोपटामागे नेऊन ताडपत्रीआड बांधली होती. मागच्या साथीत शेजारची सगळी डुकरं मारून खड्ड्यात पुरलेली तिने पाहिली होती.

तासाभराने यंत्र वाजलं. डॉक्टरीणबाईंनी स्क्रीन वाचली. "फुप्फुसाचा आजार आहे. पण वेळेत कळलं, आजच इंजेक्शन दिलं तर ही वाचेल."

सुंद्राबाईने खोपटामागच्या ताडपत्रीकडे पाहिलं. न खोकणाऱ्या हिलाही लागण झालेली, मग तिकडच्या गाभणीचं काय?

"बाई, दोन इंजेक्शनं काढा," ती कशीबशी म्हणाली. "खोकणारी मागं बांधलीया. मारून टाकाल म्हणून लपवली."

"मारायचीच असती तर नाकात काडी कशाला घातली असती, मावशी? कधीपासून खोकते?"

"चार दिस झालं."

 बॅग उचलून डॉक्टरीणबाई सुंद्राबाईच्याही आधी खोपटामागे धावल्या.