व्यासपीठावरचा पेशंट

त्या सकाळी माझ्या वडिलांनी, तात्यांनी, नवं धोतर नेसलं. सांगलीच्या मेडिकल कॉलेजात फिजिशियन डॉक्टरांसाठी व्याख्यान होतं आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्या तिथल्या डॉक्टर सरांनी त्यांना जतहून मुद्दाम बोलावलं होतं. "मोठमोठे डॉक्टर तुम्हाला एकदम बघतील," सर म्हणाले होते.

व्यासपीठावरच्या कॉटवर तात्या सदरा वर करून पडले. एकेक डॉक्टर येऊन पोट चाचपून गेला. मग सरांनी सगळ्यांना इंग्रजीत सांगितलं की या रोग्यावर आता उपाय उरलेला नाही. तात्यांनी आदरानं मान डोलावली. चहाची सुट्टी झाली, हॉल रिकामा झाला, तात्या तसेच पडून राहिले.

"एवढं डॉक्टर कलेक्टरला तरी बघाय येत्यात का गं?" त्यांनी हसून विचारलं. मी त्यांचा सदरा खाली ओढला.

पुढे तात्या वारल्यावर मी त्यांची कागदपत्रं न्यायला कॉलेजात आले, तेव्हा सर जिन्यात भेटले.

"वडिलांनी फार सहकार्य केलं हं. त्या दिवशीचं लेक्चर सगळ्यांना आवडलं."

"सर," मी म्हणाले, "त्यातलं कुणीतरी औषध पाठवील म्हणून तात्या शेवटपर्यंत वाट बघत होते."