थँक्सगिव्हिंगचे पाहुणे

टर्की ओव्हनमध्ये मावेना. शेवटी राजाभाऊंनी ती ओट्यावर घेऊन तिचे तुकडे केले आणि निम्मे कुकरला लावले.

"बाबा, थँक्सगिव्हिंगला कुकर?" मैथिली म्हणाली.

"शिकागोत ओव्हन मोठे असतील. हे अल कुसैस आहे."

ती हसली. अमेरिकेत शिकायला गेल्यापासून ती नोव्हेंबरमध्ये कधीच दुबईला आली नव्हती. या वेळी कॉलेजच्या सुटीला रजा जोडून आली होती. कशासाठी, ते घरात सगळ्यांना माहीत होतं. तिनेच फोन करून पाहुण्यांना जेवायला बोलावलं होतं.

तिने पलंगाखालून प्लॅस्टिकच्या ख्रिसमस ट्रीचं खोकं ओढलं. खाली सुपरमार्केटच्या दारात सांताक्लॉज उभा राहिला होता, समोरच्या इमारतीवर नॅशनल डेच्या दिव्यांच्या माळा चढत होत्या.

"झाड यंदा नको," तिची आई सुनेत्रा म्हणाली आणि खोकं पायाने परत आत सारलं.

बेल वाजली. दारात उल्हास आणि स्मिता होते. स्मिता इस्त्रीच्या साडीत, उल्हासच्या हातात फळांची टोपली. त्यांच्याबरोबरच लिफ्टमधून शेजारच्या शहनाझ बाहेर पडल्या. त्यांनी टोपली पाहिली, आतल्या मैथिलीकडे पाहिलं.

"बेटी का रिश्ता आया है, भाभी? मुबारक हो!"

सुनेत्रा दार पूर्ण उघडून बाजूला झाली.

रास अल खैमाच्या सिमेंट कंपनीत राजाभाऊ आणि उल्हास बरोबरीने इंजिनियर. घरं समोरासमोर. उल्हासचा आरव, राजाभाऊंचा कुशल आणि मैथिली, ही तिन्ही मुलं एका घरात जेवून दुसऱ्या घरात झोपत मोठी झाली. मग राजाभाऊ नोकरी बदलून इकडे आले. तेव्हापासून येणं-जाणं नव्हतं.

जेवायला बसल्यावर मैथिली म्हणाली, "तिकडे आधी प्रत्येकाने एक थँक्स म्हणायचं असतं."

"मुलगी घरी आली," राजाभाऊ म्हणाले.

"तुम्ही दार उघडलंत," स्मिता म्हणाली.

सुनेत्राची पाळी आली. "मला काही सुचत नाही," ती म्हणाली आणि भात वाढायला उठली.

"आरव कसा आहे?" राजाभाऊंनी विचारलं.

"बारीक झालाय," स्मिता म्हणाली. "शुक्रवारी भेटलो. काकू काय म्हणाली, एवढंच विचारत होता."

"तापट आहे तो, मी नाकारत नाही," उल्हास म्हणाला. "पण वाईट नाही, राजाभाऊ. तुमच्या डोळ्यांसमोर वाढलाय."

"तापट आहे, ते आम्हालाही माहीत आहे," सुनेत्रा म्हणाली.

"वहिनी, एकुलता एक आहे. त्याचं सगळं आयुष्य तुमच्या एका शब्दावर आहे. कुशल आज इथे असता, तर त्यानेच तुम्हाला हो म्हणायला लावलं असतं."

सुनेत्राच्या हातातला डाव थांबला. "कुशलच्या वतीने तुम्ही बोलू नका, भाऊजी."

कोणी जेवेना. उल्हासने राजाभाऊंकडे पाहिलं.

"माझ्याकडे बघू नकोस," राजाभाऊ म्हणाले. "हिचं जे उत्तर, तेच माझं. आमचं तसं ठरलंय."

"आई, प्लीज," मैथिली म्हणाली. "से येस."

सुनेत्राने लेकीकडे पाहिलं. "तुला खरंच हेच हवंय?"

"आय डू. नाहीतर मला आयुष्यभर झोप लागणार नाही."

"आणि नंतर पस्तावलीस तर?"

"नाही पस्तावणार."

सुनेत्रा आत गेली. नळ बराच वेळ वाहत राहिला. राजाभाऊ ताटातल्या भाताचा एकच घास पुन्हा पुन्हा कालवत होते. ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

"ठीक आहे," ती म्हणाली. "हो."

उल्हासने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मैथिलीने आईला मिठी मारली. स्मिता रडत उठली, तिला भान राहिलं नाही. मैथिलीने केलेल्या भोपळ्याच्या गोड 'पम्पकिन पाय'चा तुकडा तिने उचलला आणि सुनेत्राच्या तोंडाशी नेला.

"ताई, तोंड गोड करा."

सुनेत्राने तिचं मनगट धरलं आणि हात हळूच खाली केला.

"गोड नको, स्मिता. इथल्या कायद्याने आईबापांना हक्क दिलाय, म्हणून सोमवारी कोर्टात आम्ही आरवची फाशी माफ करू. पण त्याने माझ्या कुशलचा जीव घेतलाय आणि आज मी त्याच्या आईला जेवायला वाढलंय. याहून जास्त माझ्याच्याने होणार नाही."