हात वापरात आहे

तिसऱ्यांदा अपडेट अडकलं. अप्पांचा यांत्रिक उजवा हात घरच्या कॉम्प्युटरला जोडलेला होता आणि स्क्रीनवर तीच ओळ होती: ‘हात वापरात आहे.’ अपडेटशिवाय त्याची बोटं तबल्यावर मागे पडायची.

“हात कामातून गेलाय, नवीन घ्या,” कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला.

रेवतीने वडिलांकडे नीट पाहिलं. त्यांचा डावा हात मांडीवर ठेका धरत होता आणि यांत्रिक बोटं त्याला हळूच साथ देत होती.

“अप्पा, ठेका थांबवा.”

“कुठला ठेका?”

तिने त्यांचा डावा हात घट्ट धरून ठेवला. अपडेट पूर्ण झालं.

अप्पांनी तबला ओढला. दोन्ही हातांचा स्वच्छ ‘धा’ घुमला. रेवतीने कंपनीला फोन लावला आणि तो तबल्याजवळ धरला.