कल्याणीच्या वाटणीचा पुदिना

ताऱ्यांपलीकडच्या बोगद्यातून कल्याणी परतली, ती आरशातल्या प्रतिमेसारखी होऊन. हृदय उजवीकडे गेलेलं, आणि आपलं अन्न तिच्या अंगी लागेना. घरच्या पुदिन्याच्या चटणीला तिला शहाजिऱ्याचा वास आला, तेव्हा ती पहिल्यांदा रडली.

आज तिची आई, रसायनशास्त्रज्ञ उषाताई, प्रयोगशाळेतून थेट रुग्णालयात तिच्यासाठी चटणीचा डबा घेऊन आल्या. तिच्या वडिलांनी, शरदरावांनी, झाकण उघडून हुंगलं.

"अगं, या चटणीला तर शहाजिऱ्याचा वास येतोय!"

"तुम्हाला येणारच. वासाच्या रेणूतली अणूंची गोल कडी तीच आहे, फक्त तिच्यावरची एक फांदी मी उलट्या बाजूला बसवली. कडी सगळीकडून सारखी असती, तर आरशातही तीच दिसली असती. ही तशी नाही. आपल्या पोरीसारखी आहे."

कल्याणीने बोट बुडवून चाटलं. "आई, पुदिना!" म्हणत तिने डबाच ओढून घेतला.

शरदरावांचे डोळे भरून आले. "पुन्हा बोगद्यातून गेली, तर सरळ होईल म्हणतात."

"सरळ?" उषाताई ताठ झाल्या. "तिथवर जाऊन आलेली माणसांत ही एकटीच आहे. उलटं कोणी असेलच, तर ते आपण आहोत."